तिसरा ग्लास आणि पाचवं शील

वाईन चाखणारे लोक घोट तोंडात घोळवून थुंकून टाकतात. बिअर चाखणाऱ्याला ती गिळावी लागते. कारखान्यात लागलो त्या पहिल्याच आठवड्यात लॅबमधल्या ताईंनी मला हे सांगितलं. बिअरचा कडूपणा आणि मागाहून येणारी चव घशाशी कळते, म्हणून. त्या मायक्रोस्कोपला डोळा लावून सहज बोलून गेल्या. मी मात्र त्या वाक्याला घाबरलो, आणि पुढचे महिने घाबरूनच राहिलो.

मी एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. शेवटच्या सत्रात कुठल्या तरी कंपनीत प्रशिक्षण घ्यावं लागतं. वर्गातल्या बऱ्याच जणांना औषधांच्या कंपन्या मिळाल्या, मला चाकणजवळचा बिअरचा छोटा कारखाना मिळाला. चाकण-तळेगाव रस्त्यावरून आत वळलं की गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या शेडची रांग लागते, त्यातलंच एक शेड आमचं. आत स्प्रिंगा बनतात की बिअर, बाहेरून कळत नाही. आत गेलं की स्टीलच्या उंच टाक्या, कायम ओली फरशी आणि शिजणाऱ्या जवाचा गोडसर वास. इथली बिअर पिंपांत भरून वाकडच्या आणि बाणेरच्या हॉटेलांत जाते.

माझं काम यीस्टचं होतं. टाकीतून नमुना काढायचा, निळा रंग घालायचा आणि मायक्रोस्कोपखाली बघायचं. मेलेल्या पेशी निळ्या पडतात, जिवंत पेशी रंग आत घेत नाहीत, काचेच्या मण्यांसारख्या स्वच्छ दिसतात. काहींच्या अंगावर छोटी कळी फुटलेली असते. मला हे बघायला फार आवडायचं. इतकी वर्षं पुस्तकात वाचलेली गोष्ट डोळ्यांसमोर जगत होती. या कामासाठी बिअर पिण्याची गरज नव्हती. हात, डोळे आणि कांडी बुडवून बघायचं पीएच मीटर, एवढ्यावर भागत होतं.

घरी मी सुरुवातीलाच सगळं सांगितलं होतं. आम्ही निगडीला ओटा स्कीमजवळ राहतो. बाबा लातूरकडून आले तेव्हापासून चाकणच्या एका कंपनीत पेंट शॉपला आहेत. त्या दिवशी ते जेवायला बसले होते.

"कसली कंपनी म्हणलास?"

"बिअरची. पण मी लॅबमध्ये असेन, बाबा. यीस्ट बघायचं काम."

त्यांनी भाकरी मोडायची थांबवली. आईच आधी बोलली. "दुसरं काही मिळत नव्हतं का रे लेकरा? दुधाची डेअरी तरी बघायची."

"असू दे," बाबा म्हणाले. "काम हाय ते. मी तरी कुठं त्या गाड्यांत बसायलोय? रंगच मारायलोय की." मग भाकरीचा तुकडा मोडून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "हाताला लागू दे. तोंडाला लागू देऊ नको. तू तिथं पुढं बसून लोकाला म्हणायला लावतोस."

पुढे म्हणजे विहारात. दर रविवारी सकाळी आमच्या विहारात वंदना असते. एकानं पुढे बसून त्रिसरण आणि पंचशील पाली भाषेत एकेक ओळ म्हणायची, बाकीच्यांनी ती मागून म्हणायची. हिंसा करणार नाही, दुसऱ्याचं घेणार नाही, व्यभिचार करणार नाही, खोटं बोलणार नाही, आणि पाचवं, दारू आणि कुठल्याही नशेपासून दूर राहीन. ही शीलं एकदा घेतली आणि झालं असं नसतं. दर वेळी नव्यानं घ्यायची. अनेक वर्षं बाबाच पुढे बसायचे. वस्तीतल्या लग्नात कुणी पिऊन वरातीत नाचायला आला तर त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाजूला नेणारे तेच. भांडण न करता. पण थिनरच्या वाफेनं हळूहळू त्यांचा घसा गेला. दोन ओळी मोठ्यानं म्हटल्या की आवाज फाटायचा. मग एका रविवारी त्यांनी मला पुढे बसवलं, आणि तेव्हापासून मीच म्हणत होतो.

त्यामुळे बाबांची अट मला जाच वाटली नाही. ती माझीही होती.

कारखान्यात मी पीत नाही हे सगळ्यांना दोन दिवसांत कळलं. टाक्या सांभाळणारे एक भाऊ मावळातले, वयानं मोठे, बोलायला मोकळे. त्यांनी लगेच माझं नाव ठेवलं. "ए माळकरी, जरा त्या टाकीचं टेंपरेचर बघ रं." गळ्यात माळ घातलेले लोक दारू-मटण सोडतात, म्हणून माळकरी. त्यांच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. पण मी माळकरी नव्हतो. तसं सांगायला गेलं तर पुढचा प्रश्न 'मग कोण?' असा आला असता. त्या प्रश्नाचं उत्तर दिल्यावर काही लोकांचं बोलणं कसं बदलतं, हे मी शाळेपासून बघत आलोय. बदलतंच असं नाही. पण बदलेल की नाही हे आधी कळत नाही. म्हणून मी 'माळकरी' अशी हाक आली की ओ देत होतो.

थंडीच्या शेवटी शेंगदाण्याच्या बिअरचं काम सुरू झालं. मुख्य ब्रूअरना आम्ही सगळे सर म्हणतो. त्यांच्या डोक्यात बरेच दिवस एक काळसर तपकिरी बिअर होती, जिला भाजलेल्या शेंगदाण्याची चव असेल. खमंग भाजलेल्या जवानं शेंगदाण्याचा भास होतो, पण त्यांना खराच शेंगदाणा हवा होता. अडचण तेलाची. तेल राहिलं तर बिअरवर फेस टिकत नाही. म्हणून भाजलेले दाणे घाण्यावर पिळून त्यातलं तेल काढायचं आणि उरलेली पेंड टाकीत टाकायची असं ठरलं. पेंडीची पोती उतरवताना भाऊ हसत सुटले.

"सर, आमी ही म्हशीला घालतो."

"मग कशी खाते म्हैस?"

"आवडीनं. तिच्याबी तोंडाला फेस येतो."

सर हसले. पण बिअरमध्ये खरंच गडबड होती. पहिली बॅच वाकडच्या एका हॉटेलात गेली आणि तिथून निरोप आला की बिअर घशाला धरते. ताईंना दाण्यांच्या लाल सालांवर संशय होता. मग सालं चोळून, पाखडून एक छोटी बॅच केली आणि सालांसकट दुसरी. फरक खरंच कळतो का, हे चाखून बघायचं ठरलं.

याच सुमाराला ताईंनी राजीनामा दिला. त्यांना बंगळुरूला जायचं होतं. सरांनी मला टाक्यांपाशीच थांबवून विचारलं.

"परीक्षा झाली की इथं कायम होतोस का? ताईंच्या जागेवर?"

मी हो म्हणणार तेवढ्यात ते पुढे म्हणाले, "एक आहे. बॅच बाहेर सोडायची की नाही हे लॅबवाला ठरवतो. न चाखता कसं ठरवणार? चाखणं कामातच आहे. दर आठवड्याला."

"सर, थुंकलं तर चालेल का?"

"बिअरमध्ये नाही चालत. तब्येतीचं काही आहे का तुझ्या?"

"नाही."

"घरचं?"

"हो."

"माळ आहे का?"

"तसंच काहीतरी," मी म्हणालो. म्हणाल्याबरोबर मला कसंतरी झालं, पण शब्द गेला तो गेला.

सर समजुतीनं म्हणाले, "जबरदस्ती नाही. नको असेल तर दुसरा माणूस बघतो, तुझं प्रशिक्षण चांगलंच झालंय, तसं लिहून देईन. तू शुक्रवारी चाखायला बस. बसून बघ. मग सोमवारी मला सांग."

ताईंची जागा रिकामी होतेय एवढंच मी घरी सांगितलं, चाखण्याचं नाही. शुक्रवारपर्यंत मी दोन्ही बाजूंनी विचार केला. दोन्ही बाजू खऱ्या वाटत होत्या. चव बघणं म्हणजे पिणं नव्हे, नशेसाठी तर नव्हेच. पण शील घेताना आपण 'कामापुरतं सोडून' असं म्हणत नाही. आणि मी तर नुसता घेणारा नव्हतो, पुढे बसून बाकीच्यांना म्हणायला लावणारा होतो. माझ्या मागून म्हणणाऱ्यांत काही जण असे होते ज्यांनी मोठ्या कष्टानं दारू सोडली होती. त्यातल्या एका काकांचे हात अजून थरथरतात. ते माझ्याकडे बघून ओळ म्हणतात.

चाखायचं काम जेवणाआधी करतात, जीभ स्वच्छ असते तेव्हा. त्या सकाळी आधी चहा नाही, तंबाखू नाही, अंगाला सेंट नाही असा ताईंचा दंडक होता. भाऊ तंबाखूवाचून कासावीस होऊन बसले होते. छोट्या खोलीत टेबलावर पांढरा कागद, पाण्याचे पेले, तोंड साफ करायला बिनमिठाचे मुरमुरे. प्रत्येकापुढे तीन ग्लास, झाकण ठेवलेले. त्यातले दोन सारखे, एक वेगळा. वेगळा कुठला ते ओळखायचं. कुठल्या ग्लासात काय आहे हे फक्त ताईंना माहीत होतं. खोलीच्या कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन होतं. मी बसल्याबसल्या ते बघून ठेवलं.

मी झाकण काढून वास घेतला. तव्यावरून नुकत्याच उतरवलेल्या दाण्यांचा वास, त्यामागे काकवीसारखं काहीतरी, अगदी तळाला कॉफीचा कडवट धूर. तिन्हींना तोच. पुन्हा घेतला. पहिल्याचा वास जरा जास्त तीव्र वाटला, मग नाही वाटला.

भाऊंनी तिन्ही घोट घेऊन मुरमुरे तोंडात टाकले. "मदला," ते म्हणाले.

सरांनी स्वतःचं सांगितलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुझा?"

"पहिला वाटतोय. वासावरून."

"पक्कं?"

"नाही, सर."

"मग पिऊन सांग."

खोलीत एसी बंद ठेवला होता, बिअर फार गार असली तर चव झाकली जाते. ताई खिडकीकडे बघू लागल्या. भाऊंना शांतता सोसली नाही. "माळकरी, काय ते ठरव बाबा लवकर. मला बाहेर जाऊन तंबाखूचा बार भरायचाय."

मी पहिला ग्लास उचलला आणि घोट घेतला.

तो तोंडात धरून बसलो. फेस जिभेवर बारीक बारीक फुटत होता. आधी गोड, मग दाण्यांचा खमंगपणा, ओळखीचा, आमच्या घरातला. मग गालांच्या आतून हलकी ऊब. तोंड भरलेलं असल्यामुळे मला बोलता येत नव्हतं, आणि सगळे माझ्याकडे बघत होते. अजून काही मोडलं नाही, मी स्वतःला सांगत होतो. इथपर्यंत अजून ठीक आहे. चार पावलांवर बेसिन आहे. उठलो तर कुणी अडवणार नाही, सर चांगले आहेत, लिहूनही देतील. ताईंनी एकदा बेसिनकडे आणि मग माझ्याकडे बघितलं आणि चटकन नजर काढून घेतली. त्यांना कळलं होतं. आणि मला मायक्रोस्कोप आठवला, पुढच्या महिन्यात त्याच्यावर दुसरं कुणीतरी वाकलेलं असेल हे दिसलं.

मी गिळलं.

मी पाणी प्यायलो, मुरमुरे चावले, दुसरा ग्लास घेतला. दुसरा पहिल्यासारखाच, घशातून मऊ उतरला. तिसराही सुरुवातीला तसाच होता. पण गिळल्यानंतर, चव संपली असं वाटल्यावर, जीभ मागे कोरडी पडली. टाळ्याला काहीतरी चिकटल्यासारखं, तुरट. लहानपणी न पाखडलेले दाणे खाताना सालं टाळ्याला चिकटायची, तसं.

"तिसरा वेगळा आहे," मी म्हणालो. "सालं आहेत त्यात."

ताई हसल्या. "बरोबर."

भाऊंनी माझ्या पाठीवर थाप मारली. "भले! माळकऱ्याची जीभ कोरी हाय राव, आमची तंबाखूनं करपली." सरांनीही तिसराच ओळखला होता. ते पुढे सरकले आणि मला विचारू लागले, सालांशिवायची कशी लागली, गोडवा जास्त झालाय का, शेवटी काय उरतं. मी उत्तरं देत गेलो. मला शब्द सापडत होते. त्यात मला आनंद होत होता, आणि त्या आनंदाची मला भीती वाटत होती. बिअर चांगली होती. ती वाईट लागली असती तर मला सोपं गेलं असतं.

निघताना ताईंनी बडीशेपेची डबी पुढे केली. घ्यावीशी वाटली. पण ती घेतली तर लपवायला सुरुवात झाली असं वाटून मी नको म्हणालो. परतीच्या बसमध्ये मी खिडकीला तोंड लावून बसलो. शेजारच्या काकूंकडे एकदाही बघितलं नाही. चाकण चौकात कांद्याच्या गाड्यांमुळे बस बराच वेळ अडकली. माझ्या तोंडाला कसलाच वास येत नसणार, हे मला कळत होतं. तरी मी ओठ मिटूनच होतो.

घरी आलो तर बाबा दुसऱ्या शिफ्टला गेलेले. आई चटणीसाठी दाणे भाजत होती. सगळं घर त्या वासानं भरलं होतं. मी दारातच थांबलो.

"ये, घे, गरम हायत," असं म्हणून तिनं मूठभर दाणे माझ्या हातात दिले. मी तसाच उभा राहिलो.

"का रे? खवट निघालेत का?"

"नाही. भूक नाही."

"कायम करतो म्हणाले का?"

"म्हणाले."

"मग तोंड असं कामून केलंस?"

मी म्हणालो, बाबा आले की सांगतो. तिनं माझ्याकडे बघितलं, आणि पुढे काही विचारलं नाही. तिनं विचारायला हवं होतं असं मला वाटत राहिलं. शनिवारी बाबांना ओव्हरटाइम होता. ते आले ते जेवून भिंतीकडे तोंड करून झोपले. मी दोनदा त्यांच्यापाशी जाऊन परत आलो. थकलेल्या माणसाला उठवून काय सांगायचं? रविवारी मी उठलो तेव्हा ते झाडू घेऊन विहारात गेलेले होते.

मी धावतच गेलो. ते पायऱ्या पुसत होते.

"बाबा, एक सांगायचंय."

"वंदना होऊ दे."

"आधीच सांगायचंय."

तेवढ्यात थरथरत्या हातांचे ते काका आले, त्यांच्यामागे बायका, मुलं. "जय भीम, जय भीम" सुरू झालं. बाबांनी मला हातानंच आत जा असं खुणावलं. मेणबत्त्या लागल्या होत्या, उदबत्ती लागली होती. माझी जागा रिकामी ठेवलेली होती. मी बसलो. त्या क्षणी उठून जायला हवं होतं, पण सगळे बसल्यावर एकट्यानं उठायचं धैर्य मला झालं नाही.

त्रिसरण झालं. मी म्हणायचो, मागून सगळा विहार म्हणायचा. मग शीलं सुरू झाली. पहिलं. दुसरं. तिसरं. चौथं म्हटलं, खोटं बोलण्यापासून दूर राहण्याचं. मागून तीच ओळ सगळ्यांच्या आवाजात आली आणि थांबली. आता माझी पाळी होती.

मी श्वास घेतला. ओळ मला झोपेतही येते. ती तोंडाशी आली होती. पण नुकतंच जे म्हटलं होतं ते अजून खोलीत होतं, त्याच्यावर हे कसं ठेवायचं ते मला कळेना. मी गप्प राहिलो. मागे कुणीतरी खाकरलं. कुणाचं तरी लहान मूल 'आई, झालं?' म्हणालं. थरथरते काका माझ्याकडे बघत असतील हे मला मागे न वळता माहीत होतं. मला मान वर करता येईना.

मग मागून बाबांचा आवाज आला. बसका, मध्ये मध्ये फाटणारा. त्यांनी पाचवं शील म्हटलं. सगळ्यांनी त्यांच्यामागे म्हटलं. मी म्हटलं नाही.

लोक गेल्यावर बाबा सतरंज्या गोळा करू लागले. मी दुसरं टोक धरलं.

"बरं नाही का?"

"बरं आहे."

"मग?"

"शुक्रवारी घेतली, बाबा. चाखायला. गिळली."

त्यांनी हातातलं टोक सोडलं नाही. सतरंजीची घडी पुरी केली. "कुणी जबरदस्ती केली?"

"नाही. कामात आहे ते. कायम झालो तर दर आठवड्याला घ्यावी लागेल. उद्या त्यांना सांगायचंय, येतो की नाही." मग मला वाटलं, एवढ्यावर थांबलो तरी अर्धंच सांगितल्यासारखं होईल. "आणि ती चांगली लागली मला."

बाबा भिंतीला टेकून खाली बसले. पाणी प्यायले. मी उभाच होतो.

"म्हणला असतास तर कुणाला कळलं नसतं," ते म्हणाले.

"हो."

"मला पण नसतं कळलं."

"हो."

"चौथं तरी राखलंस."

मला रडू येईल असं वाटलं, पण ते कौतुकानं बोलत नव्हते. बघितलेलं सांगावं तसं बोलत होते. मग म्हणाले, "तिथं जायचं का नाही ते तू ठरव. एवढं शिकलास, त्यात मी काय सांगू? पण मी पण कंपनीत एक गोष्ट ठेवून आलोय. घसा. तेव्हा कळलंच नाही ठेवायलोय म्हणून. तू काय ठेवायलास ते आधी बघून घे." मग उठून सतरंजी उचलत, "आणि इथं पुढं बसायचं नाही आता. मी बसतो."

"तुमचा घसा..."

"बसंल तर बसंल."

घरी येताना ते माझ्या पुढे दोन पावलं चालत होते. रागावले की तसे चालतात. पण कोपऱ्यावर ते थांबले, आणि मी येईपर्यंत थांबून राहिले.

सोमवारी मी सरांना हो सांगितलं. ते खूश झाले, हात मिळवला. मी तिथून निघालो नाही. "सर, त्या दिवशी तुम्ही माळ आहे का विचारलंत. माळ नाही. आम्ही बौद्ध आहोत. पंचशीलात दारू वर्ज्य आहे, म्हणून मी थुंकण्याचं विचारत होतो."

"अच्छा," सर म्हणाले. "मग हे तुला जड जाणार."

"जड आहे," मी म्हणालो.

भाऊ टाकीपाशी होते. त्यांनी लांबूनच हाक मारली, "काय माळकरी, झाला का पर्मनंट?" मी जवळ गेलो आणि त्यांनाही तेच सांगितलं. त्यांनी हात फडक्याला पुसले. त्यांचा चेहरा मला वाचता आला नाही. "व्हय? मग आधी सांगायचं न्हाई का," एवढंच ते बोलले आणि व्हॉल्व्हकडे वळले. दिवसभर त्यांनी मला हाक मारली नाही. दुसऱ्या दिवशी मारली, पण नावानं. ती हाक कशी घ्यायची हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पुढच्या रविवारी बाबा पुढे बसले. मी मागच्या ओळीत, थरथरत्या काकांच्या शेजारी. काकांनी मला काही विचारलं नाही, फक्त सतरंजीवर सरकून जागा दिली. बाबांनी त्रिसरण कसंबसं पार पाडलं. पहिलं शील, दुसरं, तिसरं. चौथं मी नीट, मोठ्यानं म्हटलं. पाचव्याच्या अर्ध्यावर त्यांचा आवाज गेला. नुसती हवा येत होती. ते थांबले, थुंकी गिळली, पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथंच अडकलं. सगळा विहार वाट बघत होता. काही जणांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. पुढचे शब्द मला येत होते. बाबांच्या पाठीकडे बघत मी ओठ घट्ट मिटून बसलो.

बायकांच्या बाजूनं आईचा आवाज आला. ती याआधी कधी पुढे म्हणाली नव्हती. तिनं अडलेल्या शब्दापासून ओळ उचलली आणि शेवटपर्यंत नेली. सगळ्यांनी तिच्यामागे म्हटली. काकांनीही म्हटली, तिच्याकडे बघत.

मी ऐकली.